दोन थेंब जास्त

"मग त्या बिचाऱ्यांना पाणी कोण घालतं?"

मोजणीबाईंनी हा प्रश्न विचारला आणि अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मीही हसलो. प्रशिक्षणाचा तिसरा दिवस होता आणि तोवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या संशोधक, नव्या मॅडम, फळ्यापाशी उभ्या होत्या. प्रश्न, गृहीतक, चल, नियंत्रण, निरीक्षण, निष्कर्ष असे शब्द त्यांनी एकाखाली एक लिहून ठेवले होते. बीज संशोधन केंद्रात आयुष्य घालवलेल्या आम्हा बारा जणांना, म्हणजे शिपाई, माळी, ड्रायव्हर, मदतनीस अशा सगळ्यांना, प्रयोग म्हणजे काय ते शिकवा, असा वरून आदेश आला होता. मी भांडार सांभाळतो, तरी मलाही बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पण पंखा चांगला होता आणि दोनदा चहा मिळत होता, म्हणून मी काही बोललो नाही.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "बाई, पुन्हा सांगते. कमी पाण्यात एखाद्या औषधानं बी चांगलं उगवेल, असं आपल्याला वाटतं. हे गृहीतक. अजून खरंखोटं ठरायचंय. मग निम्म्या बियांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही. ज्यांना नाही दिलं, ते नियंत्रण. बाकी ऊन, माती, पाणी सगळं दोन्हीकडे सारखं. बदलायची ती एकच गोष्ट, तिला म्हणायचं चल."

"हो, पण नियंत्रणातली वाळायला लागली तर?"

"वाळू द्यायची."

"थोडंसं पाणी घातलं तर? दोन थेंब?"

"दोन थेंबसुद्धा नाही. तुम्ही दया दाखवली की ती उगवणार. मग दोन्हीकडे सारखंच दिसणार. आपण म्हणणार, औषधात काही दम नाही. चांगलं औषध फुकट जाईल की नाही?"

बाई खाली बसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "बाई, आता झाडांसाठी अन्नछत्र काढा." पुन्हा हशा झाला. मी बाईंच्या शेजारीच होतो. त्यांनी वहीत 'नियंत्रण' हा शब्द लिहिला होता आणि त्याच्यावरच पेन गिरवत बसल्या होत्या. कागद फाटला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मोजणीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ट्रेमध्ये बी मांडायचं, ठरल्या दिवशी पाणी घालायचं, किती उगवलं ते मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. संशोधक येत, गृहीतकं मांडत, बढती घेऊन जात. बाई तिथंच. त्यांनी लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा एका साहेबांनी त्यांना न सांगता एक ट्रे पुन्हा मोजून पाहिला. आकडा तोच निघाला. साहेब ओशाळले. बाई म्हणाल्या, "मोजा की साहेब, बियांना काय मोजून घ्यायचा कंटाळा नसतो."

असं हे नाकासमोर चालणारं माणूस. त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला नाही, आणि चार वाजता माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, सोळा काचेच्या थाळ्या पाहिजेत. टीपकागद पाहिजे. आणि एक छोटं मोजपात्र."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. माझं काम आहे."

आता, माझ्याकडून टाचणीसुद्धा चिठ्ठीशिवाय जात नाही, हे केंद्रातल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी तसं सांगणार होतो. पण बाईंनी खिडकीचा गज धरला होता आणि तो सोडत नव्हत्या. एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे चिठ्ठीशिवाय काही मागितलं नव्हतं.

"आत या," मी म्हणालो. "काय झालंय?"

त्या पोत्यावर टेकल्या. "भाऊ, मोठ्या सरांचा काढा आठवतो?"

न आठवायला काय झालं? मोठे सर म्हणजे या केंद्राचे जुने प्रमुख, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी इमारतीमागच्या झाडाच्या सालीचा एक काढा शोधला होता. पेरण्याआधी गहू त्यात रात्रभर भिजवला तर निम्म्या पाण्यात उगवतो, हे त्यांचं गृहीतक. सर त्यानं झपाटले होते. पाणी मुद्दाम तोडून प्रयोग केला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा रजिस्टरात एकच ओळ: फरक आढळला नाही. काढ्यातलं बी जितकं उगवलं, जवळजवळ तितकंच साधं बीही उगवलं. सरांनी प्रयोग बंद केला. लोक त्यांना मागून 'काढेवाले वैद्य' म्हणायला लागले. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू?

"ते पाणी मी घालत होते," बाई म्हणाल्या. "चाळीस मिली, दिवसाआड. मोजूनच घालायचे. पण काही ट्रे मागं पडायचे हो. इवलीशी टोकं वर यायची आणि माना टाकायची. मला बघवायचं नाही. सगळ्यांचं पाणी घालून झालं की मी ओंजळीत थोडं घ्यायचे आणि बोटांनी त्यांच्यावर शिंपडायचे. तेवढंच. कुठला ट्रे कशाचा, मला कुठं माहीत होतं? वर नुसते नंबर असायचे. मागं पडलेलं दिसलं की द्यायचं, इतकंच."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. चार धाकट्या भावंडांना मी वाढवलंय. जे मागं पडेल त्याच्या ताटात एक घास जास्त. हाताला वळणच तसं लागलं. हे चुकीचं असतं असं कधी वाटलंच नाही."

मी हिशोबी माणूस. मी म्हणालो, "अहो, पण मग तुमचे सगळेच प्रयोग गेले की!"

"नाही. त्याचा विचार करूनच आले. बाकीच्यांत पाणी पोटभर असायचं. तिथं दोन थेंबांनी काय होणार? पाणी तोडलेला प्रयोग एकट्या सरांचा."

मला जे शहाणपणाचं वाटलं ते मी सांगितलं. "बाई, चार महिन्यांनी तुम्ही घरी बसणार. सोळा वर्षांत कोणाला कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी असती तर झाकली असती, भाऊ. सरांची आहे."

मी थाळ्या काढून दिल्या. वहीत नोंद केली: फुटलेल्या, सोळा. नोकरीतली माझी पहिली खोटी नोंद.

त्या म्हणाल्या, "अजून एक. सरांना जाऊन नुसतं तोंडानं सांगायचं नाही. कदाचित काढ्यातच दम नसेल, माझ्या पाण्यानं काही झालंही नसेल. आधी बघायला पाहिजे."

"म्हणजे तुम्ही प्रयोग करणार?"

"मग काय, तीन दिवस पंख्याखाली बसले ते उगाच का?"

मागच्या झाडाची साल त्यांनी जुन्या रजिस्टरात बघून उकळली. भांडारातल्या खिडकीखाली दोन फळ्या लावल्या, शेजारी शेजारी. प्रत्येक फळीवर आठ थाळ्या, प्रत्येक थाळीत पन्नास दाणे. आठपैकी चार थाळ्यांत काढ्यात भिजवलेले, चार थाळ्यांत साध्या पाण्यात. कुठल्या थाळीत काय, हे बाईंना कळता कामा नये, म्हणून भिजवणं आणि नंबर चिकटवणं माझ्याकडे आलं. यादी पाकिटात घालून चिकटवली आणि कपाटात ठेवली.

"आता उजव्या फळीवर तुम्ही पाणी घालायचं," बाई म्हणाल्या. "मोजपात्रानं, सगळ्यांना सारखं. माझा हात तिथं नको. डाव्या फळीवर मी घालते, माझ्या पूर्वीच्या सवयीनं. मोजणी दोन्हीकडची मी करणार."

मला वाटलं, यात काय मोठंसं? पाणी घालायचं आणि चहाला जायचं. पाचव्या दिवशी उजवीकडच्या काही थाळ्यांत हिरवी टोकं पिवळी पडायला लागली. सातव्या दिवशी त्यांनी माना टाकल्या. मी मोजपात्र हातात घेऊन उभा होतो. तळाशी चमचाभर पाणी उरलं होतं. खोटं सांगत नाही, माझासुद्धा हात पुढं गेला. गव्हाच्या दाण्याशी माझं काय नातं? तरी गेला. मी ते उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

आठव्या दिवशी बाईंनी मोजलं, लिहिलं आणि मगच मी पाकीट फोडलं. डाव्या फळीवर काढ्याचे दोनशेपैकी एकशे एक्कावन्न, साधे एकशे एकोणचाळीस. जवळजवळ सारखे. उजव्या फळीवर काढ्याचे एकशे अठ्ठेचाळीस. साधे एक्याऐंशी.

"बाप रे!" माझ्या तोंडून निघालं.

बाईंनी कागद माझ्याकडून घेतला, पुन्हा पाहिला. चेहरा असा झाला की मला वाटलं रडणार. त्या रडल्या नाहीत. "एकदा आलं म्हणून खरं नसतं," म्हणाल्या, आणि थाळ्या धुवायला घेतल्या.

त्यांनी तो प्रयोग आणखी दोनदा केला. दुसऱ्या खेपेलाही तसंच आलं.

तिसऱ्या खेपेच्या आठव्या दिवशी, उजव्या फळीची मोजणी व्हायच्या आधीच, आम्ही सरांच्या घरी निघालो. उजव्या फळीवरच्या आठ थाळ्या बाईंनी सपाट खोक्यात घालून मांडीवर धरल्या होत्या. डावीकडच्या त्यांनी सकाळीच मोजून ठेवल्या होत्या. माझ्या पिशवीत ते जुनं रजिस्टर होतं. सरकारी रजिस्टर, नोंद न करता बाहेर काढलेलं. बस खड्ड्यातून गेली की बाई खोकं वर उचलून धरायच्या.

दार सरांच्या पत्नीनं उघडलं. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. मला पाहून हसल्या, पण काढ्याचं नाव निघताच त्यांचा चेहरा बदलला.

"त्या काढ्याचं नाव नका काढू हो त्यांच्यापुढं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्यानंतर हा माणूस पुन्हा काही नवं करायला धजला नाही. दहा वर्षं नुसत्या सह्या करून निवृत्त झाला."

"म्हणूनच आलेय, वहिनी," बाई म्हणाल्या.

सर आत टेबलाशी बसले होते. नजर अधू झालेली. भिंग धरून वर्तमानपत्र वाचत होते. बाईंचा आवाज ऐकताच त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मोजणीबाई! बसा, बसा. अगं, पाणी आण."

बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. नव्या मॅडमचा वर्ग, ओंजळ, बोटं, मागं पडलेले ट्रे, तिन्ही प्रयोग. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. वहिनी पाण्याचे पेले घेऊन दारात थबकल्या होत्या.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगता?" वहिनींचा आवाज चढला. "सोळा वर्षांनी? अहो, रात्र रात्र जागायचे हे! काय चुकलं, काय चुकलं म्हणून स्वतःलाच बोल लावायचे. आणि तुम्ही रोज समोर होतात!"

"मला माहीत नव्हतं, वहिनी."

"माहीत नव्हतं म्हणे!"

"थांब," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बराच वेळ ते टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिले. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं.

"बाई, तुमचं गृहीतक काय होतं?"

"माझ्या जास्तीच्या पाण्यामुळं फरक झाकला गेला."

"चल कोणता?"

"पाण्याचा हात. एका फळीवर मोजलेलं, दुसरीवर माझ्या सवयीचं."

"दोन्ही फळ्यांवर ऊन सारखं होतं?"

"दुसऱ्या खेपेला फळ्यांची अदलाबदल केली, सर. तिसऱ्या खेपेला परत."

सरांनी मान वर केली. "आणि मोजलेलं पाणी घालणारा? त्याला माहीत होतं कुठली थाळी कशाची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नंबर मीच लावले होते.

"सर," मी म्हणालो, "सोळा थाळ्यांचे नंबर माझ्या लक्षात राहिले असते, तर मी आयुष्यभर भांडारात कशाला बसलो असतो?"

"ही उणीव आहे," सर म्हणाले. "लिहून ठेवा." पण त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

मग त्यांनी खोकं पुढं ओढलं. भिंग घेतलं. बाई समोर बसल्या. एक थाळी ते मोजायचे, तीच थाळी बाई मोजायच्या, आणि मग दोघं आकडा सांगायचे. आठही थाळ्या तशा मोजल्या. दोघांचे आकडे एकदाही वेगळे आले नाहीत. शेवटी मी खिशातलं पाकीट फोडलं आणि यादी वाचली. काढ्याचे दोनशेपैकी एकशे पन्नास. साधे सत्त्याहत्तर.

वहिनी पेले टेबलावर ठेवून खुर्चीवर बसल्या आणि पदरानं डोळे टिपायला लागल्या.

"मला वाटलं, मी चुकलो," सर अखेर म्हणाले. "तुमच्या आकड्यावर मला शंका घ्यायचीच नव्हती. म्हणून स्वतःवर घेतली."

"आकडा खरा होता, सर."

"हो. आकडा खराच होता."

बाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांचे खांदे हलत होते. सर त्यांच्याकडे बघत राहिले. "पाणी सारखं पडतंय का, हे बघायला मी एकदाही खाली आलो नाही," ते म्हणाले. "नियंत्रण म्हणजे काय, हे तुम्हाला कधी सांगितलंही नाही. पंधरा वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली होता. मला वाटायचं, तुम्हाला काय करायचंय ते!"

मी पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. सरांनी ते ओळखलं. पानं त्यांना शोधावी लागली नाहीत. 'फरक आढळला नाही' या ओळीखाली थोडी जागा होती.

"इथं लिहा," ते म्हणाले. "तुमच्याच हातानं."

बाईंनी डोळे पुसले, पेन घेतलं. सर सांगत गेले आणि त्या सावकाश लिहीत गेल्या. पाणी घालताना काही ट्रेना ठरल्यापेक्षा जास्त पाणी दिलं गेलं. त्यामुळे हा निष्कर्ष ग्राह्य धरू नये. प्रयोग पुन्हा करावा. तिन्ही पानांवर तेच लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि सही. केंद्राच्या कितीतरी अहवालांत बाईंचे आकडे छापून आलेत, पण त्यांचं नाव कुठं नव्हतं. रजिस्टरात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, आणि तेही अशा ओळीखाली.

सरांनी शेजारी स्वतःची सही केली. नजर अधू असल्यामुळं ती ओळीबाहेर गेली. "हे नव्या मॅडमना द्या. त्या करतील पुन्हा."

"तुम्ही याल, सर? बघायला?"

"आता मला काय दिसणार, बाई?"

बाई खोकं आवरायला लागल्या. साध्या पाण्याची शेवटची थाळी त्यांच्या हातात होती. त्यातली उगवलेली रोपं सगळीच आडवी पडली होती. त्यांनी ती खोक्यात ठेवली नाही. समोर त्यांच्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला तसाच होता. त्यांची बोटं पेल्याशी गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.

सरांना तेवढं दिसलं असावं.

"मोजून झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं, सर."

"लिहून?"

"तेही झालं."

सरांनी चाचपडत स्वतःचा पेला उचलला आणि थाळीकडे सरकवला. "मग घाला की."

बाईंनी पेल्यात बोटं बुडवली आणि शिंपडायला सुरुवात केली. किती घातलं, ते आमच्यापैकी कोणी मोजलं नाही.